काही आजार? – नाही

जैवंता,

तुला मातीत ठेवलं त्या दिवशी मी आले नव्हते. रजा मिळाली होती. चंद्रपूरहून आलापल्लीला जाणारी बस सुटली तेव्हा मी स्टँडवरच उभी होते, हातात पिशवी होती, आणि मी चढले नाही. तुझ्या आईसमोर उभं राहायची माझी हिंमत झाली नाही. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगता येईल.

आपल्या प्रशिक्षण केंद्रात तुझा फोटो लावला होता. आम्ही सगळे दोन मिनिटं उभे राहिलो. संचालक बोलले की दुर्गम भागातली मुलगी, किती जिद्दीनं शिकली, स्वतःच्या पायावर उभी राहिली. त्यात खोटं काही नव्हतं. नव्या बॅचच्या मुली मान खाली घालून उभ्या होत्या. त्यांना तू माहीत नव्हतीस. मला मात्र तिथं एक गोष्ट बोलायची होती, ती बोलले नाही. म्हणून आता तुलाच सांगते आहे. तुला ती माहीतच आहे, तरी सांगते.

तू आलीस तो दिवस मला नीट आठवतो. रिसॉर्ट आणि हॉटेलच्या कामाचं तीन महिन्यांचं प्रशिक्षण, राहणं-जेवण केंद्रात. अहेरी, मुलचेरा, पोंभुर्णा अशा कुठून कुठून आलेल्या पोरी, बहुतेकींनी हॉटेल म्हणजे स्टँडवरची चहाची टपरीच पाहिलेली. मी नेहमीप्रमाणे पहिला प्रश्न विचारला, रिसॉर्ट म्हणजे काय? कोणी बोलेना. तू मागून म्हणालीस, "जिथी लोकं वाघ पाहाले येते अन् झोपून जाते." सगळा वर्ग हसला, मीही हसले. तू हसली नव्हतीस. तुला ते उत्तर बरोबरच वाटत होतं.

वर्ग संपल्यावर तू माझ्या टेबलाशी आलीस. बारावीची मार्कशीट, दाखला, आधार, आणि त्यांच्यासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेलं आणखी एक कार्ड. ते तू सगळ्यांच्या वर ठेवलंस.

"मॅडम, मले सिकल हाये. आधीच सांगून ठेवते. मंग कोणी म्हणाले नको का लपवलं म्हणून."

सिकलसेल, रक्ताचा तो जन्मजात आजार, मला नवीन नव्हता. आपल्या या भागात कोणत्याही वर्गात एखादी तरी मुलगी निघतेच. मी म्हटलं, पाणी भरपूर पी, गोळ्या वेळेवर घे, दुखायला लागलं तर लगेच सांग. तू मान डोलावलीस आणि कार्ड परत पिशवीत घालून ट्रंकेत ठेवायला गेलीस. तेव्हा मला तुझं कौतुक वाटलं होतं. किती सरळ मुलगी आहे, असं मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलंही.

शिकवणं म्हणजे मी काय शिकवत होते, ते आता मनात पुन्हा पुन्हा येतं. पलंगावरची चादर इतकी ताणायची की एक सुरकुती दिसू नये. पाण्यानं काठोकाठ भरलेले सहा ग्लास ट्रेवर ठेवून हॉलची फेरी मारायची आणि थेंब सांडायचा नाही. 'मले' म्हणायचं नाही, 'मला' म्हणायचं. 'काऊन' नाही, 'का'. त्यावरून तू माझ्याशी किती दिवस भांडलीस. तुझं म्हणणं असं की पाहुणा जंगल बघायला येतो, मग जंगलातल्या माणसानं जंगलातल्यासारखं का बोलू नये? मी म्हटलं, परीक्षेला बाहेरून लोक येतात, मार्क कापतील. ते काही उत्तर नव्हतं. तुलाही कळलं होतं, पण तू मार्कांपुरती 'मला' म्हणायला शिकलीस आणि बाहेर पडलीस की पुन्हा 'मले'.

एकदा एका मुलीनं सरावात पाहुण्याला 'भाऊ' म्हटलं म्हणून मी तिला रागावले. 'सर' म्हणायचं, 'भाऊ' म्हणजे गावातलं झालं. तू उभी राहून म्हणालीस, "मॅडम, भाऊ म्हणलं तं माणूस नीट वागते. सर म्हणलं तं हुकूम करते." मी बारा वर्षं नागपूरच्या हॉटेलांत काम केलं आहे, जैवंता. बारा वर्षांत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तुला तेव्हा मी गप्प बसवलं. ते वाक्य किती खरं आहे हे तुला कधी सांगितलं नाही.

आणि मी हसायला शिकवत होते. आरशासमोर एकेकीला उभं करून. माणूस सुटी घेऊन येतो, पैसे मोजून येतो, त्याला तुमची डोकेदुखी, तुमचं घर, तुमची भांडणं यांच्याशी काही घेणं नाही. दुखत असलं तरी चेहऱ्यावर दिसता कामा नये. हॉलच्या दारातून आत पाऊल टाकलं की चेहरा बदलला पाहिजे. हे मला माझ्या सुपरवायझरनं शिकवलं होतं, मी तुम्हाला शिकवलं. तू यात सगळ्यांत हुशार निघालीस. पहिल्या महिन्यातच परीक्षकांनी तुला वेगळं बोलावून शाबासकी दिली.

दुसऱ्या महिन्यात एका दुपारी तू ट्रेचा सराव केलास, फेरी पूर्ण केलीस, ग्लास टेबलावर ठेवलेस आणि परवानगी मागून होस्टेलवर गेलीस. तासाभरानं प्रतिमा धावत आली. प्रतिमा म्हणजे मुलचेऱ्याकडच्या बंगाली गावातली, तुझ्या शेजारच्या पलंगावरची. तिनं सांगितलं, जैवंता उशी तोंडात धरून पडली आहे, बोलत नाही. मी आले तेव्हा तुझे गुडघे आणि कंबर धरून गेली होती, तुला पाय सरळ करता येत नव्हते. रिक्षात मी तुला विचारलं, केव्हापासून दुखतंय? तू म्हणालीस, सकाळपासून. म्हणजे ते सहा ग्लास तू तशाच अंगानं फिरवले होतेस. मी पाहत होते आणि मला काही कळलं नव्हतं.

दवाखान्यात सलाइन लावलं, दोन दिवस ठेवलं. डॉक्टर समजूतदार होते. थंडी, दमणूक, पाणी कमी पडणं, हे टाळायचं म्हणाले. तू त्यांना विचारलंस, रिसॉर्टचं काम जमेल का? ते म्हणाले, जमेल, पण तिथं सांगून ठेव. पहाटेची ड्युटी देऊ नका म्हण, थंडीत बाहेर ठेवू नका म्हण. सांगितलं की लोक ऐकतात. तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, हो, सांगू.

मग तो दिवस आला. व्याघ्र प्रकल्पाच्या एका गेटाजवळच्या रिसॉर्टमधून दोन माणसं मुलाखतींना आली. तुझी मुलाखत सगळ्यांत चांगली झाली. त्यांनी तुला पक्षी विचारले, झाडं विचारली, तू सांगत गेलीस आणि ते ऐकत राहिले. बाहेर आलीस तेव्हा तुझा चेहरा फुलला होता. त्यांनी फॉर्म दिले होते, भरून संध्याकाळपर्यंत परत करायचे. तू माझ्या केबिनमध्ये बसून भरायला घेतलास. नाव, गाव, शिक्षण. मग खाली एक रकाना होता : काही आजार?

तू पेन तिथंच थांबवलंस. "मॅडम, सिकल म्हणून लिहू ना?"

आधीच्या बॅचमध्ये एका मुलीनं ते खरं लिहिलं होतं. तिला नाही म्हणून कोणी कळवलं नाही, फक्त बोलावणं आलं नाही. तिच्याहून कच्च्या मुली लागल्या आणि ती घरी गेली, ती आता कुठं आहे मला माहीत नाही. हे मी तुला सांगितलं. पण मी आणखी एक गोष्ट सांगितली नाही. बॅचमधल्या किती मुली कामाला लागल्या यावर आमच्या केंद्राचं पुढचं वर्ष ठरायचं, आणि माझी नोकरी त्या केंद्रावर होती. ते माझ्या मनात होतं. किती होतं, अर्धं की थोडं, ते मी आता ठरवू शकत नाही. पण होतं.

मी म्हटलं, "'नाही' लिही. एकदा लाग. मग तुझं काम पाहिलं की आपण सांगू."

"खोटं लिहाचं काय?"

"खोटं कसं? आत्ता तू आजारी आहेस का?"

बाहेर पोरी जेवणाच्या रांगेत उभ्या होत्या, ताटांचा आवाज येत होता. मग तू म्हणालीस, "तुमी म्हणता म्हणून लिहून राह्यली, मॅडम." आणि सुवाच्य अक्षरात 'नाही' लिहिलंस. तेही प्रमाण भाषेत. माझ्याच वर्गात शिकलेलं.

तू आणि प्रतिमा, दोघी तिथं लागलात. तिथले पहिले महिने तुला आवडले, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगते. दर रविवारी दुपारी तुझा फोन यायचा. टॉवेलची घडी घालून हंस करायला शिकवलं होतं, तू त्याचा ससा केलास आणि सुपरवायझर रागावला, पण खोलीतल्या पाहुण्यांच्या लेकीला तो इतका आवडला की ती रोज मागायला लागली, मग त्यानं तो चालू दिला. पुण्याच्या एका आजीबाईंना तू पक्ष्यांची गोंडीतली नावं सांगितलीस आणि त्यांनी अभिप्रायाच्या वहीत तुझं नाव लिहिलं. तू ते पान मला फोनवर वाचून दाखवलंस. दोनदा. तुझ्या आवाजात जे होतं ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं. तुझ्यासाठी मी काहीतरी बरं केलं, असं मला त्या दुपारी वाटलं. त्याबद्दल तुझे आभार मानायला हवेत. आता मानते.

थंडी पडली तशी तुला नाश्त्याच्या कामावर घेतलं. सफारीच्या जिप्सी गाड्या उजाडायच्या आधी निघतात, त्याच्याआधी डबे भरायचे, चहाचे थर्मास भरायचे, बाहेर टेबल मांडायचं. तू फोनवर म्हणालीस, कंबर धरते, सकाळी बोटं वळत नाहीत. मी म्हटलं, सुपरवायझरला सांग.

"आता कसं सांगू? फॉर्मवर तं नाई लिवलं हाये."

मी म्हटलं, मी बोलते त्यांच्याशी. पण नाताळची गर्दी तोंडावर आली होती, त्यांच्या सगळ्या खोल्या भरलेल्या होत्या, अशा वेळी बोललं तर तुलाच काढून टाकतील असं मला वाटलं. म्हणून मी म्हटलं, गर्दी उतरू दे, मग बोलते. तू 'बरं' म्हणालीस. पुढच्या रविवारी तू त्याबद्दल काही काढलं नाहीस. मीही काढलं नाही. दुखणं कमी झालं असेल, असं मी समजले. तसं समजणं मला सोयीचं होतं.

रिसॉर्टमधला तुझा शेवटचा दिवस मी पाहिलेला नाही. प्रतिमा तुझ्याबरोबर तिथंच होती, तिनं सांगितलं. तुला आदल्या दिवसापासून ताप होता, छातीत दुखत होतं. तू तरी उठलीस, डबे भरलेस, जिप्सी गेल्या, मग नाश्त्याच्या हॉलमध्ये उभी राहिलीस. भिंतीला पाठ लावून. प्रतिमानं दोनदा सांगितलं, जा, झोप. एका पाहुण्यानंही विचारलं की बरं नाही का तुम्हाला. तू हसून म्हणालीस, एकदम ठीक आहे, सर. त्या माणसाचा चहा भरलास. हॉल रिकामा झाल्यावर तू कपड्यांच्या खोलीत जाऊन धुवायच्या चादरींच्या ढिगावर बसलीस आणि तिथून तुला उठता आलं नाही.

रिसॉर्टच्या जीपनं तुला आधी जवळच्या दवाखान्यात नेलं आणि तिथून चंद्रपूरला. सोबत प्रतिमा आणि एक ऑफिसातला माणूस. तुला श्वास पुरत नव्हता, बोलता येत नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, हिला आधीचा काही आजार? प्रतिमाला नक्की माहीत नव्हतं. होस्टेलवर तू तेव्हा कंबरेचं दुखणं एवढंच सांगितलं होतंस. तुझं कार्ड तुझ्या ट्रंकेत होतं. ऑफिसातल्या माणसाकडे तुझी फाइल होती. त्यानं ती उघडली, बोट फिरवलं आणि सांगितलं, नाही.

त्यात त्या माणसाचा काय दोष? त्यानं लिहिलेलं वाचलं.

प्रतिमाचा फोन मला दुसऱ्या दिवशी दुपारी आला. मी त्याच गावात होते, जैवंता. केंद्रापासून हॉस्पिटल वीस मिनिटांवर आहे. एक अख्खा दिवस तू तिथं होतीस आणि मी वर्गात रुमालाच्या घड्या शिकवत होते. मी पोहोचले, डॉक्टरांना सिकलचं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मला काही विचारलं नाही, वळून नर्सला सूचना द्यायला लागले. रक्त आणलं, सगळी धावपळ केली. त्यांनी नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं की आधी कळलं असतं तरी कदाचित हेच झालं असतं, हे दुखणं छातीत गेलं की सांगता येत नाही. कदाचित. मी त्या शब्दाच्या आडोशाला राहायचा प्रयत्न केला. दोन-तीन दिवस राहिलेही. मग तिथं राहता येईना.

तुझ्या तोंडावर मास्क होता. मी तुझा हात हातात घेतला, तो गरम होता. तू डोळे उघडलेस, मला ओळखलंस, आणि मास्कच्या आत तुझे ओठ हलले. मला वाटलं काही बोलतेस. मी वाकले. तू हसत होतीस. तेच हसू, आरशासमोरचं.

मी म्हटलं, "जैवंता, हसू नको. दुखतंय का सांग."

तू मान हलवलीस. नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस. तुझी आई आणि काका येईपर्यंत दुपार झाली.

मी परवा तुझ्या गावी आले. आलापल्लीपासून पुढं जीप मिळाली, शेवटचा रस्ता चालत आले. धानाची मळणी उरकलेली, खळ्यांवर तणसाचे ढीग. तुझं घर मी विचारलं नाही, तरी लोकांनी बोट दाखवलं. तुमच्या रीतीप्रमाणे जे करायचं ते झालेलं होतं. तुझी आई ओसरीवर टोपलीतला हरभरा निवडत बसली होती. तिनं मला ओळखलं, उठून पाणी दिलं, चटई टाकली. म्हणाली, "तुमी होत्या म्हणून पोरीले काम भेटलं, बाई." तिनं तुझी अभिप्रायाची गोष्ट सांगितली. कोणत्या पाहुण्यांनी काय लिहिलं, ते तिला पाठ होतं.

मी येताना ठरवून आले होते, म्हणून मागे फिरले नाही. नाही तर तेवढं ऐकून परतले असते. मी तिला फॉर्मचं सांगितलं. रकान्याचं सांगितलं. जैवंता खरं लिहायला निघाली होती आणि मी तिला 'नाही' लिहायला लावलं, आणि तेच 'नाही' दवाखान्यात वाचून दाखवलं गेलं, हे सगळं सांगितलं. माझ्या नोकरीचंही सांगितलं. सांगताना मी तिच्याकडे बघू शकले नाही, टोपलीकडे बघत होते.

ती हरभऱ्यातले खडे वेचत राहिली. मग तिनं मला ती गोष्ट सांगितली, जी तू मला तीन महिन्यांत आणि इतक्या रविवारांत कधी सांगितली नव्हतीस. तू केंद्रात यायच्या आदल्या वर्षी तुझं लग्न ठरलं होतं. मुलगा चांगला होता, बाजूच्या गावचा, तुलाही पसंत होता. तुझ्या आईनं तुला बजावलं होतं की कार्डाचं बोलू नकोस, लग्न झाल्यावर पाहता येईल. हात जोडले होते तिनं तुझ्यापुढं. आणि बोलणी पक्की करायला पाहुणे घरात बसलेले असताना तू आतून आलीस आणि ते कार्ड सगळ्यांसमोर खाली ठेवलंस. मुलाच्या बापाला वाचता येत नव्हतं, तर तू त्यांना समजावून सांगितलंस. पाहुणे जेवून गेले आणि परत आले नाहीत. तुझी आई तुझ्याशी दोन महिने बोलली नाही.

"मी किती सांगतलं होतं," ती म्हणाली. "पण माझं नाई आयकलं तिनं. तुमचं आयकलं."

ती रागानं बोलली नाही. रागानं बोलली असती तर मी उठून निघाले असते. ती माझ्याकडे बघत होती, तिला खरोखरच कळत नव्हतं आणि मला ते माहीत असेल असं तिला वाटत होतं. मग तिनं विचारलं, जेवून जाल ना. मी हो म्हटलं. ती आत चूल पेटवायला गेली आणि मी तिथंच बसून राहिले.

मला माहीत नाही, जैवंता. जिनं आपल्या आईचं ऐकलं नाही, त्या मुलीनं माझं का ऐकलं?